पेन्सिल व्यक्तिचित्रातील डोळे निर्जीव दिसतात? या चुका टाळा

व्यक्तिचित्र शिकणारे बहुतेक विद्यार्थी आपला सर्वाधिक वेळ बुबुळाच्या नक्षीवर आणि पापण्यांच्या केसांवर घालवतात. एवढी मेहनत घेऊनही डोळा चेहऱ्यावर वरून चिकटवल्यासारखा दिसतो, कारण त्याचा जिवंतपणा पापणीची जाडी, तिची नेत्रगोलावर पडणारी सावली आणि डोळ्याच्या खोबणीचा उतार यांवर अधिक अवलंबून असतो. म्हणून डोळा फसला आहे असे वाटले, की प्रथम कागदाच्या लहान तुकड्याने बुबुळ झाकून पाहावे. उरलेल्या भागातून आत एक गोल आहे असे जाणवत नसेल, तर दोष बुबुळात नाही आणि तिथे आणखी पेन्सिल चालवून तो सुटणारही नाही.

पहिली चूक बाह्यरेषेतच होते. वरची आणि खालची पापणी एकाच जाडीच्या रेषेने काढून दोन्ही टोके जुळवली, की सममित बदामाचा आकार तयार होतो. प्रत्यक्षात डोळा असा नसतो. समोरून पाहिल्यास वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू बहुधा नाकाच्या बाजूला आणि खालच्या पापणीचा सर्वांत खोल बिंदू कानाच्या बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे संपूर्ण आकाराला किंचित तिरका कल येतो. वरची कड केसांमुळे आणि सावलीमुळे गडद दिसते. खालच्या पापणीला मात्र रेषा जवळजवळ नसतेच. तिथे पापणीच्या जाडीची एक अरुंद, ओलसर, उजळ पट्टी असते आणि केस त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेतून उगवतात. ही पट्टी विसरली, की केस थेट नेत्रगोलातून निघाल्यासारखे दिसतात. नाकाकडील कोपऱ्यातला लहानसा मांसल उंचवटाही अनेकदा गाळला जातो, आणि तो नसला तर डोळा कागदात कापलेल्या फटीसारखा वाटतो. काजळ घातलेल्या डोळ्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे खालची उजळ पट्टीच काळी झालेली असते, त्यामुळे सवयीने ती कोरी ठेवल्यास चित्र चुकते; काजळाच्या वरच्या कडेला मात्र अश्रूंच्या ओलाव्याची एक बारीक, तुटक चमक राहते आणि तेवढी जपावी लागते.

बुबुळ पूर्ण वर्तुळ दाखवणे ही दुसरी मोठी चूक होय. प्रौढ माणसाचा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि बुबुळ त्याच्या सुमारे निम्म्या व्यासाचे. त्यापैकी वरचा १ ते २ मिलिमीटर भाग पापणीखाली असतो आणि खालची कड खालच्या पापणीला जेमतेम टेकते. बुबुळाच्या वरती पांढरा भाग दिसू लागला, की चेहरा दचकलेला वाटतो. वर्तुळ आधी हलक्या हाताने पूर्ण काढावे आणि मग पापणीने कापावे. पापणीपाशी थांबून अर्धवट कंस ओढल्यास तो बहुधा अंडाकृती होतो.

बुबुळाच्या आतील आऱ्यांसारख्या रेषांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. आपल्याकडील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत व्यक्तिचित्र हा विषय नसल्याने अनेकजण ते व्हिडिओ पाहून शिकतात, आणि त्यांतील नमुने बऱ्याचदा निळ्या किंवा हिरवट डोळ्यांचे असतात. त्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचे, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याभोवतीचे, धागे स्पष्ट दिसतात. गडद तपकिरी डोळ्यांत मात्र सामान्य प्रकाशात बाहुली आणि बुबुळ यांच्या छटांत फारच थोडा फरक उरतो. अशा डोळ्यांत आरे कोरले, तर ओळखीच्या माणसाचा चेहरा परका वाटू लागतो. गडद बुबुळाचा वरचा भाग पापणीच्या सावलीमुळे जवळजवळ बाहुलीइतका काळा ठेवावा आणि चमकबिंदूच्या (डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाच्या पांढऱ्या ठिपक्याच्या) विरुद्ध बाजूला खाली हलकासा उजेड सोडावा, कारण पारपटलातून, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यातून, आत शिरलेला प्रकाश त्या बाजूला पसरतो. एवढा एक बदल पुष्कळदा पुरेसा ठरतो.

डोळ्याचा पांढरा भाग कागदाइतका पांढरा ठेवू नये. तो गोलाचा पृष्ठभाग असल्याने दोन्ही कोपऱ्यांकडे करडा होत जातो आणि वरच्या पापणीखाली सावलीत असतो. डोळे किलकिले करून संदर्भचित्र पाहिले, तर तो अनेकदा गालावरील उजळ जागेपेक्षाही गडद आढळेल. कागदाचा शुद्ध पांढरा रंग चमकबिंदूसाठी राखून ठेवावा आणि तो बिंदू आधीच रेखून त्याच्याभोवती छटा भरावी. दोन्ही डोळ्यांतील चमक प्रकाशाच्या एकाच बाजूला यायला हवी. ती आरशातल्यासारखी समोरासमोर काढल्यास नजर फाकल्याचा भास होतो. फ्लॅशच्या छायाचित्रात चमक बाहुलीच्या मधोमध पडते आणि पापण्यांच्या सावल्या सपाट होतात, म्हणून खिडकीजवळ काढलेले छायाचित्र घ्यावे. हाताच्या अंतरावरून घेतलेली सेल्फीही टाळावी, कारण तीत नाक फुगते आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याइतके अंतर हे नेहमीचे माप ताडून पाहता येत नाही. दीड-दोन मीटर मागे सरून झूम करावे.

पापण्यांच्या केसांबाबत एवढेच: मुळाशी दाब देऊन टोकाकडे पेन्सिल उचलावी, लांबी असमान ठेवावी आणि मधले केस आखूड दाखवावेत, कारण ते आपल्या दिशेने येतात.

एक डोळा पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात दुसरा डोळा हमखास वर किंवा खाली सरकतो, आणि पहिल्यावर खर्च केलेले श्रम पुसवत नाहीत म्हणून उरलेला चेहरा त्या चुकीशी जुळवला जातो. दोन्ही डोळ्यांचे कोपरे, भुवया आणि नाकाचा माथा एकाच टप्प्यावर हलके मांडावेत, मोबाइलवर चित्राचा फोटो काढून तो आडवा उलटवावा आणि मगच छटा भरायला घ्यावी. तीनचतुर्थांश, म्हणजे किंचित एका बाजूला वळलेल्या, चेहऱ्यात पलीकडचे बुबुळ उभट लंबगोल होते, याचा या टप्प्यावर हमखास विसर पडतो.

राहिला साहित्याचा प्रश्न. बाहुली काळी होतच नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे कारण बहुधा असे, की आधी एचबी ही मध्यम कडक पेन्सिल दाबून घोटल्यामुळे कागदाचा खरखरीतपणा संपलेला असतो आणि वरून ६बी किंवा ८बी ही मऊ, गडद पेन्सिल नुसतीच घसरते. गडद होणाऱ्या जागा सुरुवातीपासून मऊ पेन्सिलीच्या हलक्या थरांनी भराव्यात, आणि बोटाने घोटण्याऐवजी कागदी स्टंप (छटा पसरवण्याची घट्ट गुंडाळलेल्या कागदाची कांडी) वापरावा, कारण त्वचेच्या तेलामुळे डाग पडतात. जागा आधीच गुळगुळीत झाली असेल, तर कणकेसारख्या मऊ खोडरबराने टिपून शिसे कमी करावे, वर्केबल फिक्सेटिव्हचा (ज्यावर पुन्हा काम करता येते अशा, चित्र पक्के करणाऱ्या द्रवाचा) एक हलका फवारा द्यावा आणि तो सुकल्यावर बाहुली पुन्हा भरावी. फवाऱ्यानंतर खालचा थर खोडरबराने नीट निघत नाही, त्यामुळे चमकबिंदू उजळायचा असल्यास तो त्याआधीच उजळून घ्यावा.