ऑटोक्लेव्ह आहे, पण साहित्य निर्जंतुक आहे का? टॅटू स्टुडिओत या चुका टाळा

टॅटूची सुई त्वचेत दीड-दोन मिलिमीटर जाते, आणि मिनिटाला हजारो वेळा जाते. रक्त थोडंच येतं, पण येतं. ते ग्रिपवर (मशीन धरायच्या मुठीवर), दिव्याच्या दांड्यावर, स्प्रेच्या बाटलीवर वाळून बसलं तर डोळ्याला दिसतही नाही. हेपटायटिस बीचा विषाणू असा शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये हेपटायटिसच्या भीतीने टॅटू काढण्यावरच बंदी घातली होती. ती उठायला १९९७ साल उजाडलं.

आज बहुतेक आर्टिस्ट निर्जंतुक करून आलेली, एकदाच वापरायची कार्ट्रिज (सुई आत बसवलेली तयार टोकं) घेतात. त्यामुळे सुईचा धोका खूप कमी झाला. पण त्याबरोबर एक निष्काळजीपणाही आला आहे: सुई नवी आहे ना, मग झालं! पूर्वी घोटाळा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये व्हायचा, आता तो जास्त करून हातमोज्यात होतो. तरी ज्यांच्याकडे स्टीलच्या ट्यूब (सुई ज्यांतून जाते त्या नळ्या), ग्रिप किंवा पिअर्सिंगची हत्यारं आहेत, त्यांची ऑटोक्लेव्हपासून सुटका नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

न घासता वाफेत टाकणं

ही सगळ्यात जुनी चूक. वाळलेलं रक्त आणि शाई यांच्या थराखाली वाफ पोचत नाही. वरचा थर निर्जंतुक होतो, आतला तसाच राहतो. काम संपताच ट्यूब एन्झाइमवाल्या क्लीनरमध्ये भिजवा, वाळू देऊ नका. ब्रशने घासताना हत्यार पाण्याखाली धरा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. हातात पातळ नव्हे, जाड हातमोजे हवेत.

अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरींनी पाणी हलवून हत्यारं धुणारं) कोपऱ्यातली घाण उत्तम काढतं, पण ते फक्त धुतं, जंतू मारण्याचं काम त्याचं नाही. चालू असताना झाकण लावलेलं असलंच पाहिजे, नाहीतर तेच घाणेरडं पाणी बारीक तुषारांच्या रूपात खोलीभर पसरतं. हे मशीन टॅटूच्या टेबलाशेजारी ठेवलेलं दिसलं, तर स्टुडिओची मांडणीच चुकली असं समजा.

ऑटोक्लेव्ह ठासून भरणं

साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाऊचबंद (एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिक असलेल्या पिशवीत बंद केलेल्या) साहित्याला १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ पीएसआय दाब साधारण ३० मिनिटं मिळावा लागतो. ही मिनिटं तापमान गाठल्यावर सुरू होतात, बटण दाबल्यावर नव्हे. १३४ अंशांची सायकल याहून खूप लहान असते, पण ती किती मिनिटांची हे तुमच्या मशीनच्या माहितीपुस्तिकेवर सोडा, शेजारच्या स्टुडिओच्या सल्ल्यावर नको.

आत हवा अडकली तर आकडे बरोबर दिसूनही काम होत नाही, कारण वाफ पृष्ठभागाला लागलीच नाही. म्हणून पाऊच एकावर एक रचू नका. ते रॅकमध्ये उभे ठेवा, एकाची कागदाची बाजू दुसऱ्याच्या प्लॅस्टिककडे. बिजागरी असलेली हत्यारं उघडी ठेवा.

पाऊच ओले निघतायत? बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: माल जास्त भरला, वाळवण्याची सायकल अर्धवट सोडली, किंवा दार घाईने उघडलं. ओला कागद बाहेरचे जंतू आत ओढून घेतो. त्यामुळे असा पाऊच उन्हात वाळवून कपाटात ठेवणं म्हणजे स्वतःला फसवणं. नवा पाऊच घ्या आणि पूर्ण सायकल पुन्हा लावा. हत्यारांवर पांढरे डाग दिसत असतील तर टाकीत नळाचं पाणी जातंय का ते बघा, तिथे डिस्टिल्डच लागतं.

पट्टीचा रंग बदलला म्हणून निर्धास्त होणं

पाऊचवरची किंवा टेपवरची रेघ काळी झाली, याचा अर्थ पाऊच उष्णतेतून गेला, एवढाच. जंतू मेले का, ते ती सांगत नाही. ते कळतं स्पोअर टेस्टमधून. तिच्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, वाफेला अतिशय चिवट असलेल्या जीवाणूचे बीजाणू (स्पोअर, म्हणजे त्याचं कवचातलं सुप्त रूप) असतात. ते मेले तर बाकीच्यांची चिंता नको. महिन्यातून एकदा ही चाचणी हे माझ्या मते किमान आहे. रोज मशीन लावणाऱ्याने ती आठवड्याला करावी. त्याच लॉटची एक कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता सोबत उबवायला ठेवा. तिच्यात वाढ दिसलीच पाहिजे, नाहीतर ती चाचणीच निकामी.

चाचणी नापास झाली तर मशीन लगेच बंद. शेवटच्या चांगल्या निकालानंतर तयार केलेले सगळे पाऊच बाजूला काढा. मग दाराचं रबर, भरलेला माल आणि सायकलच्या नोंदी तपासा. आता कळेल पाऊचवर तारीख आणि सायकल नंबर का लिहायचा ते.

उकळतं पाणी बीजाणू मारत नाही. यूव्हीची पेटी फक्त उजेड पडतो तिथेच काम करते, नळीच्या आत नाही. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणंही निर्जंतुकीकरण नव्हे. या तिन्हींवर अजून वाद घालणारे भेटतात, पण वादाला जागा नाही.

हातमोजे घालून सगळीकडे हात लावणं

हातमोजा आर्टिस्टला वाचवतो. ग्राहकाला वाचवतो तो तेव्हाच, जेव्हा त्याने दुसरं काही शिवलेलं नसतं. काम चालू असताना मोबाइल वाजतो, गाणं बदललं जातं, खुर्ची खाली केली जाते, आणि तोच हात पुन्हा सुईकडे. दर वेळी मोजे बदला आणि बदलताना हात धुवा. त्याहून सोपं म्हणजे लागणारी प्रत्येक वस्तू आधीच मांडून ठेवणं. मशीन, केबल, स्प्रे बाटली, दिव्याचा दांडा यांना कव्हर हवं आणि ते प्रत्येक ग्राहकानंतर फेकायचं. वायरलेस मशीनची बॅटरी यातून हमखास सुटते.

मेम्ब्रेन (मागे द्रव जाऊ न देणारा आतला पडदा) नसलेली स्वस्त कार्ट्रिज घेऊ नका. त्यांतून शाई आणि रक्त मागे मशीनमध्ये उतरतं, आणि ते मशीन ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. पाकिटावरची मुदत आणि सील बघणं हेही ग्राहकासमोरच करा. व्हॅसलीनच्या डबीत मोज्याचं बोट घालण्याबद्दल काय बोलावं! लाकडी पट्टीने हवं तेवढं आधीच काढून घ्या.

शाईत कुठलंही पाणी मिसळणं

२०११ च्या अखेरीस अमेरिकेत रॉचेस्टर इथे १९ जणांच्या टॅटूवर चिवट पुरळ उठलं. त्यांपैकी बहुतेकांमध्ये मायकोबॅक्टेरियम केलोनी हा जीवाणू सापडला. आर्टिस्टची स्वच्छता नव्हे, आधीच मिसळून आलेली राखाडी शाई त्याचं मूळ निघाली. डिस्टिल्ड पाणी शुद्ध असतं, पण निर्जंतुक असेलच असं नाही, आणि या जातीचे जीवाणू नळाच्या क्लोरिनलाही दाद देत नाहीत. ग्रे वॉश (काळी शाई पातळ करून केलेली राखाडी छटा) करायचा तर सीलबंद निर्जंतुक पाणीच वापरा. कपातली उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही, कितीही महाग असली तरी.

फवारलं आणि लगेच पुसलं

प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर पृष्ठभाग किती वेळ ओला राहिला पाहिजे ते लिहिलेलं असतं. तेवढं थांबा. घरगुती ब्लीच एकास नऊ भाग पाण्यात, रोज ताजं करून, साधारण १० मिनिटं ठेवतात, मात्र धातूला त्याने गंज चढतो. स्पिरिट ७० टक्केच घ्या. त्याहून तीव्र असेल तर पटकन उडून जातं आणि काम कमी करतं.

सुईला पुन्हा टोपण लावणं

वापरलेली सुई थेट शार्प्स बॉक्समध्ये (सुया टाकायच्या, न टोचणाऱ्या जाड डब्यात) टाका आणि बॉक्स पाऊण भरला की बंद करा. तरीही टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. हेपटायटिस बीची लस मात्र टोचण्याची वाट न बघता, कामाला लागण्याआधीच घेऊन टाका.