जुनी होडी घेताना मशीनचा आवाज सगळ्यात शेवटी ऐका

जुनी होडी बघायला गेलं की काय होतं, मालक रस्सी ओढतो, मशीन धडधडायला लागतं आणि आपण तिथंच विरघळतो. मी पण विरघळलेलो. मे संपत आलेला, देवगडच्या बाजूला एक अठरा फुटी फायबरची होडी, नवाकोरा निळा रंग, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक, पहिल्याच ओढीत चालू. बयाणा देऊनच घरी आलो. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घातली आणि आठवड्याभरात मशीन टांगतात त्या फळीतून पाणी झिरपायला लागलं. बोल्ट काढून बघितलं तर आतलं प्लायवूड चहात पडलेल्या बिस्किटासारखं बोटाला लागून येत होतं. लोक बांगडे आणतायत आणि आमची होडी पंधरा दिवस वाळूत उपडी. काका एवढंच बोलले, "इंजनाचो आवाज काय ऐकतस, आधी फळी बघूची."

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. फळी, तळ, कागद, आणि मग मशीन.

फळी बघायची म्हणजे मशीन खाली सोडलेलं असताना पंख्याच्या वरचा पाय धरून वर-खाली जोर लावायचा आणि नजर मशीनवर न ठेवता फळीवर ठेवायची. फळी सोबत लवतेय, कोपऱ्यात केसासारख्या चिरा उघडतायत-मिटतायत, तर आतलं लाकूड गेलंय. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचं, आपण नारळ वाजवून बघतो ना अगदी तसं, चांगल्या जागी टक वाजतं आणि कुजलेल्या जागी बद्द. बोल्टच्या भोकाखाली तपकिरी ओघळ दिसला की तिथं दोनदा ठोका.

रंगाला फसू नका, पण रंग दिसला म्हणून संशय पण घेऊ नका, नारळी पौर्णिमेच्या आधी सगळेच नवा रंग लावतात. अख्खी होडी जुनी आणि एकच पट्टा ताजा असेल तर मात्र त्या पट्ट्याखाली काय आहे ते विचारायचं. तळ बघायला होडी कलती करून घ्या. वाळूवरून ओढून ओढून मधला कणा झिजतो आणि काचेचे धागे बाहेर येतात, तेवढं दुरुस्त होतं. होडी नुसती उचलून पण बघा, चार जण उचलतात ती साईझ सहा जणांना हलेना तर आतल्या फोमने पाणी पिलंय, ते काही सुकत नाही.

बघायला कधी जायचं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, होड्या वर काढून झावळ्यांखाली असतात, मालक निवांत असतो, भाव पण जरा ऐकतो. पण पावसात पाण्यावर चालवून बघता येत नाही. म्हणून जूनमध्ये बघितली तर टोकन द्या, बाकीचे पैसे सीझन चालू झाल्यावर होडी चालवून बघितल्यावरच, आणि हे कागदावर लिहून घ्या.

कागदाचं बोलायचं तर होडीची नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा, दोन्ही मागा. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, आयएनडी एमएच पासून सुरू होणारा नंबर रंगवलेला असतो तो सर्टिफिकेटशी अक्षर न् अक्षर जुळवा. नावावर करायचं काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा ऑफिसात, तिथं आधी जाऊन काय काय लागतं ते विचारून या. संस्थेचं किंवा बँकेचं कर्ज शिल्लक असेल तर त्यांचा ना हरकत दाखला हवाच, नाहीतर हप्ते जुन्या मालकाचे आणि डोकेदुखी तुमची. मशीनच्या क्लॅम्पवर नंबरची पट्टी असते, ती खरवडलेली असेल तर सरळ घरी या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रात तपासणी वाढली, कागद नसलेली होडी म्हणजे रोजची कटकट. "कागद मागाहून देतो" हे वाक्य मी तीन जणांकडून ऐकलंय, कागद एकाचेही आले नाहीत.

आता मशीन. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि पोचल्यावर झाकण काढून पहिला हात ब्लॉकला लावा. कोमट लागलं तर मालकानं आधीच गरम करून ठेवलंय, माझ्या वेळी हेच झालेलं. गार टू-स्ट्रोकनं चोक ओढून तीन-चार ओढी घेतल्या तर काही बिघडत नाही. झाकणाखाली, वरच्या फिरत्या चकतीच्या (फ्लायव्हीलच्या) आसपास पांढरं मिठाचं कवच आणि गंजलेले स्क्रू म्हणजे मशीन कधीतरी बुडालेलं असू शकतं.

गिअर ऑईल सगळ्यात खरं बोलतं. मशीन रात्रभर उभं राहू द्या, सकाळी पायाच्या तळचा स्क्रू जरासा सैल करून बोटावर चार थेंब घ्या. आधी पाणी आलं किंवा ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय. आपल्याकडे याचं कारण बहुतेक वेळा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. जाळ्याचा तुटका तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो आणि सील कापतो. पंखा काढून बघा, मी एकदा मूठभर काढलाय. सील स्वस्त असतं, पण पाणी जाऊन खाल्लेले गिअर नसतात.

कॉम्प्रेशन मेकॅनिककडून गेज लावून घ्या, दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. मशीन कोरडं कधीच चालवू देऊ नका, पाण्याशिवाय पंपाचा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. पायाची लांबी पण मोजा, शॉर्ट म्हणजे १५ इंची, लाँग २० इंची. उंच फळीला शॉर्ट पाय लावला की लाटेवर पंखा हवा खातो आणि होडी जागच्या जागी बोंबलते.

चालवून बघायला पेट्रोल आपलं न्या, आपल्या कॅनमध्ये, ऑईल मॅन्युअलमध्ये असेल तेवढं, ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. तीन-चार माणसं बसवा आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या उलट वीस मिनिटं पूर्ण गॅसवर हाणा. मशीनच्या मागून पंपाच्या पाण्याची धार पडते, ती बारीक झाली तर इम्पेलर तरी गेलाय नाहीतर आतले रस्ते मिठानं बंद झालेत. आवाज चढतोय पण होडी वेग घेत नाही म्हणजे पंख्याचं रबर सटकतंय. मग मशीन बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत रस्सी ओढा. गरम असताना चालू होत नसेल तर भर समुद्रात पण होणार नाही.

घेतलीत तर इम्पेलर, प्लग, गिअर ऑईल आणि रबरी फुग्यासकट पेट्रोलची लाईन लगेच बदला, आत्ताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनी नळी टिकत नाही. पहिले दोन-तीन दिवस खाडीतच फिरवा, आणि दोन वल्ही होडीत असू द्या, मालक म्हणाला तरी काढू नका.