बाहेरदेशातून आलेला फोन आपल्या गावात चालेल का? घेण्याआधी काय तपासायचं

परदेशातून फोन मागवायचा असेल, किंवा आलेला फोन कुणी विकत असेल, तर पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या, आणि त्या वेगवेगळ्या तपासायच्या. फोन कुठल्या एका कंपनीच्या सिमला बांधलेला आहे का, ही पहिली. आपल्या गावात ज्या कंपनीची रेंज आहे तिचे बँड, म्हणजे तिच्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे, त्या फोनला पकडता येतात का, ही दुसरी. पहिली अडचण सुटू शकते. दुसरी सुटत नाही, कारण कुठले बँड पकडायचे हे फोनच्या हार्डवेअरमध्येच, म्हणजे आतल्या भागांत, ठरलेलं असतं. लॉक उघडून झालं, खर्चही झाला, तरी घरी रेंज नाही म्हणून फोन घेऊन येणारी माणसं बघितली की जीव तुटतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं शहाद्यात मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीपासून सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेपर्यंत अमेरिका, कॅनडा, दुबईला असलेली पोरं घरी येतात आणि येताना वडिलांना, मामाला, शालकाला फोन आणतात. इकडे लोणखेड्याच्या बाजूचा बागायतदार, ज्याच्या शेतात दोन-तीन कंपन्यांच्या दांड्या भरलेल्या असतात. तिकडे धडगावकडून बाजाराला उतरणारा माणूस, ज्याच्या पाड्यावर एखाद्याच कंपनीची रेंज लागते. एकच फोन पहिल्याकडे मजेत चालतो आणि दुसऱ्याकडे खोक्यात पडून राहतो. "ताई, हाऊ फोन आपला गावमा चाली का?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, गाव कोणतं आणि सिम कोणतं. फोन त्यानंतर हातात घेते.

आधी लॉक कोणतं ते ओळखा

दुकानात "लॉक झालाय" म्हणून येणाऱ्या फोनांची अडचण प्रत्येक वेळी एकच नसते. मागच्या मालकाचं गुगल खातं किंवा आयक्लाउड अडकलेलं असेल तर त्याचा सिमशी संबंध नाही. ते खातं ज्याचं त्यानेच काढायचं. हप्त्यावर घेतलेल्या फोनचा हप्ता थकला की फायनान्सवाल्यांचं ॲप स्क्रीन अडवतं. त्यावर हप्ता भरणं आणि कर्ज फिटल्यावर ना-हरकत पत्र घेणं हाच उपाय आहे. जुना फोन विकत घेताना तो हप्त्यावरचा होता का, हे विचारायला लाजू नका. हल्ली आपल्याकडे यातच जास्त लोक फसतात.

सिमलॉक म्हणतात ते याहून वेगळं. अमेरिकेत कंपन्या फोन सवलतीत किंवा हप्त्याने देतात आणि पैसे फिटेपर्यंत तो आपल्याच सिमवर चालेल अशी तजवीज करून ठेवतात. असा फोन इथे आला, त्यात आपलं सिम टाकलं, की अँड्रॉइडवर "सिम नेटवर्क अनलॉक पिन" मागणारी चौकट येते, आयफोनवर "सिम नॉट सपोर्टेड" असा निरोप येतो. आयफोनमध्ये सिम न टाकताही कळतं: सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि खाली "कॅरिअर लॉक". तिथे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असेल तर फोन मोकळा. मुलगा अजून तिकडेच असेल तर त्याला या पानाचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा.

प्रत्येक देशात असं नसतं. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांना मोकळेच फोन विकावे लागतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, आणि जपाननेही ऑक्टोबर २०२१ पासून नव्या फोनांना लॉक लावणं जवळपास थांबवलं. म्हणजे त्या तारखांनंतरच्या फोनची फारशी काळजी नाही. अमेरिकेचा फोन मात्र दर वेळी विचारूनच घ्यावा. भारतात दुकानातून घेतलेला नेहमीचा स्मार्टफोन कुठल्याही सिमला बांधलेला नसतो. अपवाद २०१७ च्या जिओफोनचा आणि त्याच घरातल्या जिओभारतसारख्या स्वस्त फोनांचा. ते फक्त जिओवर चालतात, त्यात बीएसएनएलचं सिम टाकून उपयोग नाही.

सॅमसंगच्या बाबतीत एक वेगळी गंमत आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. खोक्यावर लहानसा स्टिकर असतो: हा फोन अमुक भागातल्या सिमनेच सुरू करावा. हे कंपनीचं सिमलॉक नाही, भागाचं बंधन आहे. ते सोडवायला त्याच भागाचं सिम टाकून फोन सुरू करायचा आणि सगळे मिळून पाच मिनिटांच्या वर कॉल करायचे. तिकडच्या पोराने विमानात बसण्याआधी एवढं केलं की काम झालं. नवाकोरा, सील न तोडलेला फोन भेट द्यायची हौस इथे बाजूला ठेवावी.

लॉक उघडायचं तर ज्याने लावलं त्याच्याकडूनच

सिमलॉक उघडण्याचा सरळ रस्ता एकच आहे: ज्या कंपनीने फोन विकला तिला विनंती करायची. फोनचे सगळे पैसे फिटलेले असावेत, खात्यावर थकबाकी नसावी, फोन हरवल्याची किंवा चोरीची नोंद नसावी, आणि त्याच कंपनीवर ठरावीक दिवस तो चाललेला असावा. अमेरिकेतल्या कंपन्यांत पोस्टपेडला टी-मोबाईलचे ४० दिवस आणि एटी अँड टीचे ६० दिवस. प्रीपेडला याहून बरेच जास्त. अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करताना कंपनीच्या पानावर पुन्हा बघावं. हे सगळं तो माणूस तिकडे असताना, खातं चालू असताना सोपं जातं. इथे आल्यावर, खातं बंद केल्यावर तेच काम महिनोन्‌महिने रखडतं.

मंजुरी आली की आयफोनला वेगळा कोड लागत नाही. दुसरं सिम टाकून वायफायवर फोन सुरू केला की लॉक निघतं. काही अँड्रॉइडना कोड मिळतो, तो त्या चौकटीत टाकायचा. अंदाजाने आकडे टाकत बसू नका. ठरावीक चुका झाल्या की ती चौकटच कायमची बंद होते, मग खरा कोड मिळूनही उपयोग राहत नाही.

जुना आयफोन घेत असाल तर सिमचा ट्रे बाहेर काढून नीट बघा. सिमच्या खाली पापुद्र्यासारखी पातळ, सोनेरी ठिपक्यांची आणखी एक चकती चिकटलेली दिसली, तर त्या फोनचं लॉक निघालेलं नाही. ती चकती फोनला फसवून आपलं सिम चालवते. एखादं अपडेट आलं, फोन रिसेट झाला, की नेटवर्क जातं. अशा फोनला मोकळ्या फोनची किंमत देऊ नये.

आयएमईआय बदलून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघून या. *#०६# डायल केलं की दिसणारा हा १५ आकडी नंबर म्हणजे फोनची ओळख आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याच्याशी छेडछाड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. जुना फोन घेताना हाच नंबर उपयोगी पडतो. इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून अडवलेला किंवा दुसऱ्या फोनचा नंबर चोरून लावलेला असेल तर उत्तरात कळतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हेच बघता येतं.

बँड: खरी अडचण इथे

प्रत्येक कंपनी ठरावीक फ्रिक्वेन्सीवर सिग्नल सोडते, आणि त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला बँड म्हणतात. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे, म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झ. एअरटेल आणि व्हीआय मुख्यतः १, ३, ८, ४० यांतले बँड वापरतात, सर्कलप्रमाणे, म्हणजे दूरसंचारच्या विभागाप्रमाणे, कमी-जास्त. बीएसएनएलचं नवं ४जी बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ आणि बँड १ म्हणजे २१०० वर आहे. ५जी साठी एन७८ हा बँड हवाच, आणि जिओसाठी एन२८ सुद्धा असलेला बरा.

मेगाहर्ट्झचा आकडा (बँडचा नव्हे) जितका लहान तितका सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून आत शिरतो. आपल्याकडच्या धाब्याच्या घरात हे रोज दिसतं. हातभर जाडीची भिंत, वर मातीचं छत; अंगणात २३०० वर सुसाट चालणारं नेट माजघरात जीव सोडतं, आणि ८५० किंवा ७०० वाला फोन तिथेच बोलतो. म्हणून फोनमध्ये जिओचा एखादा बँड असून भागत नाही. ५ नसेल तर घरात अडचण, ४० नसेल तर गर्दीच्या वेळी वेग पडतो. अमेरिकेतल्या स्वस्त प्रीपेड फोनांत ४० बऱ्याचदा नसतो.

सातपुड्यातल्या गावांसाठी मी बँड २८ आधी बघते. जिथे ४जी पोचलंच नव्हतं अशा देशभरातल्या २४,६८० गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. डोंगरातल्या पाड्यावर उद्या नवा टॉवर लागला तर तो बीएसएनएलचा असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचा लांब पोचणारा सिग्नल ७०० वर. ज्याच्या फोनला २८ नाही, त्याच्यासाठी तो टॉवर अर्धाच. बीएसएनएलचं सिम वापरणाऱ्याने तर हा आकडा बघितल्याशिवाय फोन घेऊच नये. नवीन, भारतात विकलेला फोन घेतानाही बघावा.

आता हे बघायचं कुठे? फोनच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचा फोन अमेरिकेत वेगळा, युरोपात वेगळा, भारतात वेगळा निघतो. सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन" मध्ये किंवा खोक्यावर मॉडेल नंबर असतो, आकडे-अक्षरांचा. शेवटचं अक्षरसुद्धा महत्त्वाचं. तो नंबर इंटरनेटवर शोधून कंपनीच्या पानावरची बँडची यादी काढा आणि वरच्या आकड्यांशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

बँड जुळले तरी एक गाळणी राहते, ती व्होल्टीची, म्हणजे ४जी वरून कॉल करण्याच्या सोयीची. जिओकडे २जी, ३जी नाहीच. कॉल ४जी वरूनच जातो. फोनमध्ये हार्डवेअर असूनही त्याच्या सॉफ्टवेअरला इथल्या कंपनीची व्होल्टी माहीत नसेल, तर नेट चालतं आणि कॉल लागत नाही. एअरटेल, व्हीआयवर असा फोन कॉल आला की २जी वर उतरतो आणि तेवढा वेळ नेट थांबतं. ५जी चंही सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं: भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण आयफोनना ते डिसेंबरमधल्या १६.२ अपडेटनंतरच मिळालं. म्हणून तपासण्याआधी फोन अपडेट करून घ्या.

आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या मॉडेलना सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम, चालतं. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात. पण फोन बिघडला तर सिम काढून जुन्या साध्या फोनमध्ये टाकायची आपली सवय तिथे चालत नाही. वयस्कर माणसाला असा फोन देण्याआधी याचा विचार करा.

सिम टाकून बघा, आणि गावात बघा

दुकानात मी अशी तपासणी करते. गिऱ्हाईकाचं स्वतःचं सिम टाकायचं, वायफाय बंद करायचं, कॉल लावायचा आणि बोलत असताना वरच्या पट्टीकडे बघायचं. ४जी किंवा व्होल्टी टिकून असेल तर ठीक. तिथे ई किंवा २जी आलं तर व्होल्टी चालत नाही. बऱ्याच अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* टाकलं की आतलं पान उघडतं आणि व्होल्टीची स्थिती दिसते. सॅमसंगवर *#००११# टाकलं तर फोन या क्षणी कुठल्या बँडवर आहे तेही कळतं.

शहाद्याच्या भर बाजारात पास झालेला फोन तोरणमाळच्या वाटेवर नापास होऊ शकतो, कारण इथे त्याला तीन बँड मिळतात आणि तिथे एक. म्हणून लांबच्या माणसाला मी फोन घरी नेऊ देते. माजघरात, अंगणात आणि शेतातल्या विहिरीजवळ, तिन्ही ठिकाणांहून मला कॉल करायला सांगते. खेतियाकडच्या सीमेवरची गावं असतील तर फोन मध्य प्रदेशचा टॉवर पकडतो तेव्हाही एक कॉल करून बघायला सांगते, कारण त्या सर्कलचे बँड वेगळे असू शकतात. तिन्ही जागी आवाज स्वच्छ आला तर पैसे द्या. विकणारा ओळखीचा असो वा नातेवाईक, गावात तपासायला दोन दिवस मागून घ्या. आणि तेवढे दिवस जुना फोन, जुनं सिम, दोन्ही जवळ असू द्या.