पहिला कंटेनर मागवण्याआधी

२७ जानेवारी २०२६ ला भारत आणि युरोपियन युनियनची मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याची बातमी आली. त्या दिवशी भोसरीतल्या आमच्या चहाच्या टपरीवर एकच विषय होता, जर्मन गाडी आता केवढ्याला पडणार? ११० टक्क्यांचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार, तेही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या ब्रिटनच्या करारातही गाड्यांना कोटा आहेच. ते शोरूमवाले बघून घेतील. आपल्यासारख्या, गाड्यांचे सुटे भाग मागवणाऱ्यांच्या कामाची ओळ खाली होती आणि ती कोणी वाचली नाही. सुट्या भागांवरचं शुल्क पाच ते दहा वर्षांत शून्यावर जाणार आहे, म्हणजे युरोपचा माल उद्याच फुकटात सुटेल असं नाही. मात्र कोरिया आणि आसियानचा (थायलंड, सिंगापूर अशा आग्नेय आशियाई देशांच्या गटाचा) करार २०१० पासून आणि जपानचा ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. त्यातली सवलत घेऊन पहिल्यांदाच पार्ट मागवणार असाल तर तयारीचा क्रम मी सांगतो तसा ठेवा. यातलं निम्मं काम पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढण्याआधीचं आहे.

सुरुवात कागद-पेन घेऊन हिशेबाने करा. सीमाशुल्काच्या यादीत गाड्यांचे भाग ८७०८ या शीर्षकाखाली येतात, त्यातल्या बहुतेक भागांवर बेसिक ड्यूटी १५ टक्के, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). सीआयएफ, म्हणजे विमा आणि भाड्यासकट, दहा लाखांचा माल धरा. ड्यूटी दीड लाख, अधिभार पंधरा हजार, आयजीएसटी २,०९,७००. एकूण १३,७४,७००. करारात ड्यूटी शून्य असेल तर अधिभारही आपोआप शून्य होतो, आयजीएसटी १,८०,००० आणि एकूण ११,८०,०००. फरक १,९४,७०० दिसतो आणि मालक खूश होतात. पण आयजीएसटीचं क्रेडिट तसंही मिळतंच, त्यामुळे खरी बचत १,६५,०००, म्हणजे साडेसोळा टक्के. जपानी किंवा थाई पुरवठादाराचा भाव चिनी भावापेक्षा याहून जास्त चढा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ड्यूटी भरून चिनी माल घ्या आणि मोकळे व्हा.

मग एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्काच्या यादीतला वस्तूचा क्रमांक. इथे घाई करू नका. गाडीत बसतं म्हणून सगळं ८७०८ मध्ये जात नाही. बेअरिंग ८४८२, इंजिनाचे भाग ८४०९, स्टार्टर आणि स्पार्क प्लग ८५११, दिवे आणि हॉर्न ८५१२, रबराच्या वस्तू बऱ्याचदा ४०१६. वेस्टिंगहाउस सॅक्सबी प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे सिग्नलचे रिले रेल्वेच्याच शीर्षकाखाली धरले. तोच न्याय लावून गाड्यांच्या वेगवेगळ्या भागांना ८७०८ मध्ये ओढायला सुरुवात झाली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला, तो निकाल सरसकट लावू नका, अशी सूचना काढावी लागली. एवढं सांगण्याचं कारण, कोड बदलला की साधा दर बदलतो, करारातला दर बदलतो आणि ओरिजिनचा, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा याचा, नियमही बदलू शकतो. कोड नक्की झाल्यावर अधिसूचना उघडा. आसियानसाठी ४६/२०११, जपानसाठी ६९/२०११, कोरियासाठी १५२/२००९. तुमचा कोड यादीत आहे का आणि दर खरंच शून्य आहे की नुसता कमी, हे सुधारणांसकट स्वतः वाचा. ‘जपानहून येतंय ना, मग शून्यच’ असं सांगणारे भेटतात. त्यांना चहा पाजा, पण त्यांच्या शब्दावर पीओ काढू नका.

सगळ्यात जास्त वेळ ओरिजिनला द्या. माल थायलंडमधून निघाला म्हणून थाई ठरत नाही. या तिन्ही करारांचा सर्वसाधारण नियम दुहेरी आहे. किमतीतला किमान ३५ टक्के वाटा तिथला हवा आणि बाहेरून आणलेल्या मालाचा कोड तयार भागाच्या कोडपेक्षा पहिल्या सहा आकड्यांत वेगळा हवा. काही वस्तूंना स्वतंत्र नियम आहेत, तेही बघून घ्या. एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतची किंमत, शंभर रुपये असेल तर बाहेरचा माल पासष्टच्या आत. चिनी बेअरिंग आणून बँकॉकजवळ नव्या खोक्यात भरलं तर ते चिनीच राहतं. सिंगापूरच्या ट्रेडरचं बिल असलं तरी हरकत नाही, तिसऱ्या देशातलं इनव्हॉइस चालतं, पण माल ज्या कारखान्यात बनला तो आसियानमधला हवा.

आता हे पुरवठादाराकडून काढायचं कसं? तो कॉस्टिंग दाखवणार नाही, आणि का दाखवावं त्याने? आम्ही त्याला रुपये-पैसे विचारतच नाही. कुठला कच्चा माल बाहेरून येतो, त्याचे कोड काय, त्याचा एकूण वाटा किती टक्के आणि कारखान्यात नेमकी कोणती कामं होतात, एवढंच लेटरहेडवर मागतो. सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या कॅरोटार, म्हणजे करारांतल्या ओरिजिनच्या तपासणीच्या, नियमांप्रमाणे फॉर्म एकमधली ही माहिती आयातदाराकडे आधीपासून असायला हवी. सीमाशुल्क कायद्याचं कलम २८डीए तर सरळ सांगतं की ओरिजिनचं प्रमाणपत्र हातात आहे म्हणून आयातदाराची जबाबदारी संपत नाही. त्यामुळे पीओत एक कलम टाका. ओरिजिनची माहिती अपुरी किंवा चुकीची निघून सवलत नाकारली गेली तर फरकाची ड्यूटी पुरवठादाराची. कुरकुर होते, पण सही मिळते.

प्रमाणपत्राचा मसुदा माल जहाजावर चढण्याआधी मागवा. आमच्या पहिल्या थाई कन्साइनमेंटला मी तो मागवला नव्हता. ब्रेकचे भाग होते. रात्री साडेनऊला सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा, फोन आला, ‘साहेब, फॉर्म एआय उघडा.’ आसियानचं ओरिजिन प्रमाणपत्र या फॉर्मवर येतं. मोबाइलवर पीडीएफ मोठं करून बघितलं तर कोड ८७०८.९९ आणि आमच्या बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला दिलेल्या आयातीच्या अर्जात) ८७०८.३०. पुरवठादाराच्या माणसाने मागच्या ऑर्डरचा नमुना उचलून फक्त वजन बदललं होतं. दुरुस्त कागद येईपर्यंत कंटेनर न्हावा शेवाला नऊ दिवस उभा राहिला, आणि डेमरेज-डिटेन्शनमध्ये, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याच्या दंडात, बचतीचा चांगलाच लचका गेला. तेव्हापासून मसुदा प्रिंट करून पेन्सिलने टिक करतो. कोड, ओरिजिनचा निकष, इनव्हॉइस नंबर, वजन, सही-शिक्का. माल निघून गेल्यावर प्रमाणपत्र काढलं असेल तर तशी नोंद त्यावर हवी. खाडाखोड असेल तर ती देणाऱ्या संस्थेने अधिकृत केलेली हवी.

वाटेचा प्रश्न छोटा आहे. कंटेनर कोलंबोला किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलणार असेल तर मूळ बंदरापासूनचं थ्रू बिल ऑफ लेडिंग (पूर्ण प्रवासाची एकच जहाज-पावती) घ्या, म्हणजे माल मध्येच कुठल्या बाजारात उतरला नाही हे दाखवता येतं. आणि करार फक्त ड्यूटीपुरता असतो हे ध्यानात ठेवा. टायर जून २०२० पासून निर्बंध असलेल्या यादीत आहेत, त्यांना परवाना लागतो. सेफ्टी ग्लासला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणन लागतं. अँटी डम्पिंग, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचं जादा शुल्क, असेल तर ते वेगळं.

सीएचएला फाइल जहाज लागायच्या आठवडाभर आधी द्या. बिल ऑफ एंट्रीत प्रत्येक आयटमसमोर अधिसूचना क्रमांक आणि प्रमाणपत्राचा तपशील लागतो. सवलत तिथेच मागा. राहून गेली तर आधी असेसमेंट, म्हणजे ड्यूटीची आकारणी, बदलून घ्यावं लागतं, त्याशिवाय परतावा मिळत नाही, आणि त्या चकरा मारण्यापेक्षा ड्यूटी परवडली असं वाटायला लागतं. अधिकाऱ्याने ओरिजिनबद्दल माहिती मागितली तर हातात कामाचे दहा दिवस असतात. थाई सणाची सुट्टी त्यातच आली तर पुरवठादार मेलला उत्तर देत नाही, म्हणून तर लेटरहेड आधीच घेऊन ठेवायचं. पडताळणी परदेशात गेली तर माल प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) असेसमेंटवर सोडवता येतो, पण फरकाच्या रकमेची हमी लागते. बँक गॅरंटीची मर्यादा किती शिल्लक आहे, हे अकाउंट्सला आजच विचारून ठेवा.

माल गोदामात आला तरी फाइल बंद करू नका. बिल ऑफ एंट्रीच्या तारखेपासून किमान पाच वर्षं ती जपायची असते. आमच्याकडे प्रत्येक फाइलच्या पाठीवर ती तारीख निळ्या पेनने आणि तिच्याखाली पाच वर्षांनंतरची लाल पेनने लिहिलेली असते. २०२१ च्या सुटल्या की रद्दीवाल्याला बोलवायचंय, कपाटात जागाच उरली नाही.