पेशंटला उचलायचं नाही, सरकवायचं

अंथरुणाला खिळलेला माणूस सारखा पायथ्याकडे घसरतो. दर वेळी त्याच्या बगलेत हात घालून एकटीने वर ओढलं, की एक ना एक दिवस पाठीत उसण भरतेच. वाकून, हात लांब करून ओढताना भार कमरेच्या मणक्यांवर येतो. त्यात अंग पिळलं गेलं तर चकती दुखावते. अमेरिकेतल्या 'नायॉश' या, कामाच्या जागची सुरक्षितता अभ्यासणाऱ्या संस्थेने पेशंट हाताळताना उचलायच्या वजनाची मर्यादा 16 किलो सांगितली आहे, तीही परिस्थिती अनुकूल असेल तर. शिवाय लकव्याच्या बाजूचा खांदा अशा ओढण्याने जागचा सरकू शकतो.

यावर उपाय आडव्या चादरीचा. सुती, न विरलेली चादर दुपदरी करा. ती पेशंटच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पुरावी आणि दोन्ही बाजूंना हातभर उरावी. पेशंटला कुशीवर वळवून अर्धी चादर गुंडाळून पाठीला लावा, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ती पलीकडून सुटी करा.

सरकवायला दोघं हवीत. कॉट भिंतीपासून ओढा, चाकं असतील तर ब्रेक लावा. डोक्याकडची बाजू पूर्ण खाली करा. नळीतून अन्न दिलं असेल तर आधी तासभर थांबा, नाहीतर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. उशी काढून डोक्याकडच्या कठड्याला उभी लावा. लघवीच्या पिशवीची नळी ढिली आहे ना, बघा. पेशंटचे गुडघे दुमडा, हात छातीवर, हनुवटी छातीकडे.

आता चादरीची कड गुंडाळत न्या, मुठी पेशंटच्या अंगाला टेकेपर्यंत. बहुतेक जण इथेच चुकतात: कड लांबून धरतात, हात ताणले जातात आणि भार पाठीवर येतो. कोपर अंगाजवळ, गुडघे किंचित वाकलेले, एक पाय उशाकडे पुढे. एकानेच 'एक, दोन, तीन' मोजायचं. 'तीन'ला वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्या. ओढणारं तुमचं अंग असावं, दंड नव्हे. एका वेळी वीतभरच.

घरचा दिवाण साधारण 18 इंच उंच, म्हणजे फारच खाली. भाड्याची उंची बदलणारी कॉट मिळाली तर उत्तम. ती कमरेइतकी वर घ्या. नाही मिळाली तर एक गुडघा गादीवर टेकवा. स्वतःच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या भरवशावर मात्र जास्त वजन उचलू नका.

एकटे असाल तर फक्त कूस बदला, आणि तीही स्वतःकडे. पेशंटचा पलीकडचा गुडघा दुमडा, एक हात पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा पलीकडच्या खुब्यावर ठेवा आणि स्वतःचं वजन मागच्या पायावर न्या. पेशंटला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका.

घसरणंच कमी करायचं असेल तर पाठ वर करण्याआधी गुडघ्यांखाली उशी द्या. पाठ 30 अंशांपर्यंतच ठेवा. जेवणापुरती जास्त वर केली तरी नंतर खाली आणा.