सर्व्हिसच्या नोंदी नसलेली जुनी आलिशान सेडान घेताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत आज बारा-पंधरा वर्षांपूर्वीची मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सिरीज किंवा ऑडी ए६ एखाद्या नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत सहज मिळते. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, आणि या व्यवहारातला सारा धोका तिथेच आहे. सर्व्हिसच्या नोंदी नसणे म्हणजे देखभाल झालीच नाही असे नव्हे. परंतु ती झाली असे मानण्यासही काही आधार उरत नाही. म्हणून खरेदीदाराने गाडीतले एकही तेल, पट्टा किंवा रबरी नळी कधी बदललेली नाही असे धरून हिशेब मांडावा, आणि त्या हिशेबात बसेल तेवढीच किंमत देऊ करावी. विक्रेता कितीही सज्जन वाटला, तरी ‘गाडी कायम कंपनीतच दाखवली आहे’ या वाक्याला कागदाशिवाय एक रुपयाही जोडू नये.

अर्थात ‘नोंदी नाहीत’ या उत्तरावर लगेच थांबण्याचे कारण नाही. वॉरंटी संपल्यावर अशा बहुतेक गाड्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एखाद्या गॅरेजकडे वळतात. त्यामुळे पहिल्या काही वर्षांचा इतिहास अनेकदा कंपनीच्या संगणकात चेसिस क्रमांकावर नोंदलेला असतो. तो मागण्यासाठी विक्रेत्याने स्वतः अर्ज करावा असा आग्रह धरावा, कारण त्रयस्थाला ती माहिती सहसा दिली जात नाही. पुढच्या वर्षांसाठी गॅरेजवाल्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली बिले आणि यूपीआयचे जुने व्यवहार पाहावेत. मध्येच विमा खंडित झाला असेल, तर तो पुन्हा सुरू करताना कंपनीने गाडीची तपासणी केलेली असते आणि त्या छायाचित्रांत मीटरचा आकडा दिसतो. टायरवरचा चार अंकी आकडाही बोलका असतो: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटर चाळीस हजार किलोमीटर सांगत असेल, पण स्टिअरिंगचे चामडे गुळगुळीत आणि ब्रेक पेडलचे रबर झिजलेले असेल, तर विश्वास रबरावर ठेवावा.

कागद गाडीआधी तपासावेत, कारण त्याला वेळ कमी लागतो आणि निम्मे व्यवहार तिथेच निकालात निघतात. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर नोंदणीची मुदत, बँकेचा बोजा, विमा आणि मालकाचा क्रमांक पाहावा. थकलेली ई-चलाने वेगळी तपासावीत. बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय टोकन देऊ नये. या वर्गातल्या कितीतरी गाड्या कंपनीच्या नावावर असतात. तशा वेळी संचालक मंडळाचा ठराव मागावा. एमएच-०४ (ठाणे) किंवा एमएच-४३ (नवी मुंबई) पासिंगची गाडी हस्तांतराला तुलनेने सोपी जाते. दिल्लीची स्वस्त गाडी समोर आली, तर तिच्या स्वस्ताईचे कारण आधी समजून घ्यावे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि तिथल्या गाड्या इतर राज्यांच्या बाजारात येऊ लागल्या. अशा गाडीसाठी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो जोडल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही.

नोंदणीच्या पंधरा वर्षांची सीमा जवळ आली असेल, तर पुढच्या पाच वर्षांच्या नोंदणीचा खर्चही धरावा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आणि आयात केलेल्या गाडीचे ४०,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये हे आकडे दुप्पट करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर त्याखेरीज द्यावा लागतो.

गाडी पाहायला सकाळी जावे, आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्याला बजावावे. बॉनेटला हात लावून ते गरम लागले, तर तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी. थंड इंजिनच खरे सांगते. इंजिन सुरू करण्यापूर्वी चारही चाकांवरची मोकळी जागा पाहावी. हवेचे सस्पेन्शन असलेली मर्सिडीज रात्रभरात एका कोपऱ्यात खचली असेल, तर हवेची गळती आहे, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही थकत आलेला असण्याची शक्यता मोठी आहे. मग इंजिन सुरू करून पहिले अर्धे मिनिट नुसते ऐकावे. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे मागे आहे, आणि २००७ ते २०११ या काळातल्या इंजिनांत ती झिजण्याची तक्रार जगभर गाजली. मागून खरखर आली तर हा व्यवहार सोडणेच बरे, कारण चेन बदलण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मर्सिडीज ई-क्लासच्या डब्ल्यू२११ या जुन्या पिढीतल्या, २००६ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक ब्रेक पंप असून तो स्वतःच्या वापराची मोजणी ठेवतो आणि ठरलेली मर्यादा आली की इशारा देतो. त्यानंतरच्या, नव्या रूपातल्या गाड्यांत हा पंप नाही. त्यामुळे या मॉडेलमध्ये एका वर्षाचा फरकही महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे पाण्यात बुडालेल्या गाडीची शंका नेहमीच घ्यावी लागते, मग पासिंग कुठलेही असो. खाडीकाठची वस्ती आणि भरतीच्या वेळी कोसळणारा पाऊस यांमुळे तळघरातल्या पार्किंगमध्ये दरवर्षी कुठे ना कुठे पाणी शिरते. मागच्या सीटचे पट्टे पूर्ण ओढून त्यांच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते पाहावे, आणि डिकीतला गालिचा उचलून स्पेअर चाकाचा खड्डा हाताने चाचपावा. अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये बॅटरी डिकीत असते. तिथे साचलेले पाणी नुसते दिसायला वाईट नसते, ते वायरिंगपर्यंत पोहोचते. आत सुगंधी फवारा जरा जास्तच मारलेला असेल, तर शंका वाढवावी.

यानंतर स्कॅनर. साध्या ओबीडी यंत्राने इंजिनचे दोष कळतात, पण गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस अशी बाकीची मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, नीट वाचायची, तर त्या त्या ब्रँडचे यंत्र हवे: बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेन्ट्री, ऑडी-स्कोडासाठी व्हीसीडीएस. ते वापरणारा स्वतंत्र गॅरेजवाला शोधावा आणि त्याची फी आनंदाने द्यावी, कारण वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये साठलेल्या किलोमीटरच्या आकड्यांची तुलना झाली, की मागे फिरवलेले मीटर बहुधा पकडले जाते. दोषांची यादी कोरी करकरीत असेल, तर त्यानेही हुरळून जाऊ नये. कोड नुकतेच पुसले असतील, तर इंजिनच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, आणि ते पाहायला गॅरेजवाल्याला मुद्दाम सांगावे लागते. अशी तपासणी करू न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

चालवून पाहण्यासाठी कॉलनीतली एक फेरी पुरत नाही. टॉवरच्या पार्किंगचा चढ मागे घेत चढताना गिअर उशिरा पकडतो का ते कळते. कापूरबावडीच्या कोंडीत एसी पूर्ण ठेवून उभे राहिले, की रेडिएटर, पंखा आणि थर्मोस्टॅट यांची परीक्षा होते. तापमानाचा काटा हलला तर कारण शोधावे. तिथून पुढे गायमुख घाट आहेच, आणि चढावर गिअरबॉक्सचे झटके लपत नाहीत. वाशी-नेरूळकडच्यांना पाम बीच मार्गावर स्टिअरिंगचे थरथरणे आणि गाडी एका बाजूला ओढण्याची खोड तपासता येईल. खड्ड्यांसाठी वेगळा रस्ता सुचवण्याची गरज नाही. त्यांतून सावकाश जाताना खालून येणारा खट्ट आवाज बहुधा सस्पेन्शनच्या लोअर आर्मच्या रबरी बुशचा असतो, आणि तो किमतीतून वजा करता येण्याजोगा दोष आहे. इंजिनमधून निळा धूर येणे किंवा गिअरबॉक्स घसरणे मात्र तसे नाही.

किमतीचा माझा नियम थोडा कठोर आहे: खरेदीच्या रकमेच्या निदान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्या आवाक्यातली नाही. घासाघीस करताना गाडीला नावे ठेवण्याऐवजी गॅरेजवाल्याचे लेखी अंदाजपत्रक विक्रेत्यासमोर ठेवावे. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर तिथल्या पाटीवरची लांबी-वजनाची मर्यादाही पाहून घ्यावी. लांब व्हीलबेसच्या एस-क्लास किंवा ७ सिरीजच्या मालकांना हा प्रश्न गाडी दारात आल्यावर सुचतो.

पैसे देताच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून हस्तांतराचा अर्ज करावा. ‘नंतर करू’ या सबबीवर गाडी जुन्या मालकाच्या नावावर ठेवू नये. विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागतो. ताबा मिळाल्यावर गाडी लांबच्या प्रवासाला नेण्याआधी इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सर्व फिल्टर आणि बाहेरचे पट्टे बदलून घ्यावेत. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे कोणी सांगितले, तर ते मानू नये. बीएमडब्ल्यूचे अनेक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. फक्त हे काम रस्त्याकडेच्या गॅरेजात न करता, भरताना तेलाचे तापमान मोजणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे, कारण त्या गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी विशिष्ट तापमानालाच बरोबर लागते.