भात सोडलात, आता जिनाही चढा
नुसतं जेवण कमी केलं की काट्यावरचा आकडा उतरतो खरा, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग पहिल्यासारखं जेवायला लागलं की वजन परत येतं, झिजलेले स्नायू मात्र आपोआप पूर्ण भरून येतीलच असं नाही. म्हणून ताटातली पोळी कमी कराल त्याच दिवसापासून चालायला लागा. आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. (मोबाईल बघत रमतगमत मारलेली फेरी यात धरू नका.) शिवाय आठवड्यातून दोनदा बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर. वरण, उसळ, दही ताटात राहू द्या, स्नायूंना प्रथिनं तिथूनच मिळतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.